पाच मिलीचं त्रैराशिक

मंडळी, आज घडलेलं लगेच लिहितो.

दुपारी काळाचौकीला बहिणीकडे होतो. ती ऑफिसात, धाकट्या भाचीला ताप. फोनवर म्हणाली, "दादा, तापाचं औषध पाच मिली दे." बाटली संपलेली. खालच्या दुकानातून त्याच औषधाची नवी आणली आणि पाच मिली पाजलं.

सहावीतली मोठी भाची मीरा गुणोत्तराची शाब्दिक उदाहरणं समोर घेऊन रडकुंडीला आलेली. मी पडलो संस्कृतवाला. म्हटलं, "वेडे, हे तर आपलं त्रैराशिक! घरातल्या वस्तू घे आणि उदाहरण तयार कर."

तिने औषधाच्या दोन्ही बाटल्या उचलल्या.

"मामा, जुनीत पाच मिलीला एकशेवीस मिलिग्रॅम औषध आहे, नवीत अडीचशे. तर एकशेवीससाठी नवीतलं किती द्यायचं?"

"अडीच मिलीच्या आसपास," मी ऐटीत.

"मग तू पाच का दिलंस?"

मी तिच्या हातातून दोन्ही बाटल्या घेऊन आकडे पुन्हा वाचले. डॉक्टरांचा फोन दोनदा बिझी लागला. तेवढा वेळ मी झोपलेल्या धाकटीचा श्वास मोजत होतो आणि आकडा सारखा चुकत होता.

शेवटी फोन लागला. डॉक्टरांनी वजन विचारलं. "एवढ्याने धोका नाही. पण पुढचा डोस मला विचारल्याशिवाय नको."

मीरा म्हणाली, "मामा, उदाहरण बरोबर आलं ना?" मी मान हलवली.

सातला बहीण येईल. तिला सांगायचंय, आणि आता त्याची भीती वाटतेय.

तुमच्याकडे बाटलीवरची बारीक अक्षरं कोण वाचतं?