राजूबाईंचा पाय आणि अफजलपूरची मान

हुमनाबादकडच्या मेहकरच्या राजूबाई पायाळू होत्या. म्हणजे जन्माला येताना त्यांनी आधी पाय दाखवले आणि मग तोंड. रंगमंचावर असा प्रवेश कुणी केला तर पिटातले लोक पोट धरून हसतील. पण पायाळूचा पाय लागला की उसण निघते, धरलेली मान सुटते, अशी आपल्याकडची समजूत. त्यामुळे राजूबाईंच्या पायाला लहानपणापासून मोठी मागणी. आभाळ गडगडलं की आई त्यांना घरात कोंडायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणे. आणि आभाळ उघडलं की दुखणेकरी दारात हजर.

कुणाची कडब्याचा भारा उतरवताना मान लचकलेली, कुणी दिवसभर खाली मान घालून तुरी निवडलेल्या. राजूबाई तव्यावर मीठ तापवायच्या, फडक्यात बांधून शेकायच्या, करडीचं तेल हलक्या हातानं चोळायच्या. ‘उशी उन्हात टाक, आणि आजपासून उशाला भरलेलं पोतं घेऊ नको,’ असं दटावायच्या. शेवटी पायाचा अंगठा नुसता टेकवायच्या. गुण कशानं येतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पायाशिवाय लोकांचं समाधान होत नसे आणि, खरं सांगायचं तर, राजूबाईंचंही होत नसे.

ही गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची. राजूबाईंची थोरली शकू लग्नाची झाली होती आणि अफजलपूरहून स्थळ आलं होतं. भीमेकाठचा ऊस वगैरे ठीक. पण शकूनं तो मुलगा हुमनाबादच्या एका लग्नात पाहिला होता. तेव्हापासून भाकरी करपत होत्या. आईला काय ते कळलं होतं. हे स्थळ हुकलं तर पोरगी मनातून खचेल, एवढी एकच धास्ती राजूबाईंच्या पोटात होती.

मुलाचे वडील श्रीपतराव पाहायला आले. सोबत मध्यस्थ हावगेप्पा. श्रीपतरावांचा प्रवेश असा, की जणू दरबारात महाराज आले. छाती पुढे, मान ताठ आणि डावीकडे वळलेली. राजूबाईंच्या नवऱ्यानं, हरिबानं, ‘रामराम’ केला. श्रीपतरावांनी उत्तर दिलं, पण भिंतीला. शकू चहा घेऊन आली. श्रीपतराव कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पोत्यांकडे बघत राहिले.

“विचारा की अण्णा काय विचारायचं ते,” हावगेप्पा म्हणाला.

“काय विचारायचं? चांगलंच हाय सगळं,” श्रीपतरावांनी पोत्यांना सांगितलं.

हरिबा तणतणत स्वयंपाकघरात आला. “बघितलीस का मिजास? पोरीकडं ढुंकून बघंना! कामून आलाय मग इतक्या लांबून, पोती बघायला?”

चुलीपाशी शकूचे डोळे भरले. राजूबाई मात्र दाराआडून पाव्हण्याला न्याहाळत होत्या. बशी खाली ठेवायला तो सगळा देह घेऊन वळत होता, बैलगाडी वळावी तसा. घोट घ्यायला मान न वाकवता बशी उंच धरली, आणि निम्मा चहा मिशीत गेला.

“मिजास न्हाई ती,” राजूबाई म्हणाल्या. “मान धरलीय.” आणि पदर सावरून बाहेर आल्या. “पाव्हणं, बसमधी खिडकीला डोकं लावून झोपले व्हते न्हवं?”

“तुमाला कुणी सांगितलं?”

“अक्का, गुलबर्ग्यापासून घोरायले हे,” हावगेप्पानं चहाडी केली. “गार वारं मानंवर, आन् बस खड्ड्यात गेली की डोकं गजावर!”

“मग आल्या आल्या सांगायचं न्हाई व्हय?”

श्रीपतराव ओशाळले. “पोराचं लगीन ठरवायला आलो, अक्का. बापच वाकडा दिसला तर लोक म्हणतील, सगळं घराणंच असलं.”

“मी एक झटका देतो, जाग्यावर येतंय बघा,” म्हणत हावगेप्पा उठला.

“खबरदार! माणसाची मान हाय, शेंगाचा वेल न्हवं उपटायला. बस खाली.”

“आगं, पण तू तर पाय लावणार,” हरिबा कुजबुजला. “मुलाच्या बापाला मुलीच्या आईचा पाय? गाव तोंडात शेण घालंल.”

राजूबाई म्हणाल्या, “सुपारी फुटली का? न्हाई. म्हंजे हे अजून सोयरे-इवाई न्हाईत, दारात आलेले दुखणेकरी हायत. सुपारी फुटल्यावर मातर माझा पाय उचलायचा न्हाई. बघा पाव्हणं, तुमचं तुम्ही ठरवा.”

सोयरीक मोठी की मान, हा विचार श्रीपतरावांनी फार वेळ केला नाही. ते घोंगड्यावर पालथे झाले. मीठ तापलं, शेक झाला, तेल झालं.

“उठून बसा. आता हळू फिरवा. जाईल तितकीच. दुखलं की थांबा.” राजूबाईंनी मानेखाली पायाचा अंगठा टेकवला.

मान निघाली. पोती मागं पडली, खांब आला, मग दार आलं. दारात तोंडात पदर कोंबून हसू दाबणारी शकू उभी होती.

“हीच व्हय?”

“हीच की! मघाशी चहा कुणी दिला मग?” हरिबा म्हणाला.

“मघाशी नुसता हात दिसला,” श्रीपतराव म्हणाले. “पसंत हाय!” आणि भरात अशी मान डोलावली, की तोंडातून “आई गं!” निघालं. “अक्का, हिकडल्या अंगाला बी जरा टेकवा की पाय.”

राजूबाईंनी पाय केव्हाच लुगड्यात ओढून घेतला होता. “आता न्हाई. व्हय म्हणलाव, म्हंजे सुपारी फुटल्यागतच. इवाई झालाव.”

“अर्धीच बरी झाली की ओ!”

“ऱ्हायलेली मिठानं करू.”

श्रीपतराव मुक्कामाला राहिले. उशाला पातळ घडीची वाकळ, सकाळ-संध्याकाळ शेक. निघताना राजूबाईंनी त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. लग्नाची तारीख काढायला सोबत निघालेल्या हावगेप्पाला बजावलं, “खिडकीशी तू बस. ह्यांना डुलकी लागली तर खांदा दे.”

हावगेप्पा शब्दाला जागला. अफजलपूरपर्यंत त्यानं श्रीपतरावांचं डोकं खांद्यावर वाहिलं. परत आला तो थेट हरिबाच्या दारात, पण तोंड शेजाऱ्याच्या गोठ्याकडे.

“अक्का, काम झालंय. पर मीठ तापवा आधी.”

“तापवते,” राजूबाई म्हणाल्या, “आधी तारीख सांग.”