पत्रिकेवर दोघंही किम

मंडळी, हे सांगितल्याशिवाय आज मला जेवण जाणार नाही.

आई आणि मी हिंदीत डब केलेली कोरियन मालिका बघतोय. पंधरा भाग झाले. त्या हिरोला नुसता हात धरायला नऊ भाग लागले, माझा जीव विटला. आई मात्र शेंगा फोडता फोडता डोळे पुसायची. आज दुपारी एकदाची त्यांची लग्नपत्रिका दाखवली. खाली हिंदीत आलेली पूर्ण नावं मी पहिल्यांदाच वाचली. दोघंही किम!

आईने टीव्हीच बंद केला. "एकच आडनाव? भाऊकीत कुठं लगीन करत्यात व्हय?"

मी म्हटलं, "अगं, तिकडं गल्लोगल्ली किम आहेत. मूळ गाव वेगळं असलं की चालतं."

"मूळ गाव येगळं हाय ना? मग लाव की. कशाला मोडायचं बिचाऱ्यांचं?"

मी रिमोट उचलून टीव्ही परत लावला. गेल्या वर्षी संगमनेरचा एक मुलगा मला आवडला होता. आडनाव आमचंच. आईने त्याचं मूळ गावसुद्धा न विचारता नकार कळवला होता.

आता शेवटचा भाग चालू आहे. आई रडतेय, त्या किमच्या पोरीसाठी.

तुमच्याही घरात सगळी माया टीव्हीतल्या पोरींनाच मिळते का हो?