टोपी आधी

लुसी आजी आमच्या घरी आल्या की आधी टोपी काढून एका खुर्चीवर नीट ठेवत आणि मग स्वतः दुसऱ्या खुर्चीत बसत. टोपीच्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या या फ्रेंच बाईंना माझ्या मुलीने आजी म्हणायला सुरुवात केली आणि त्याही लगेच आजी होऊन मोकळ्या झाल्या. "आधी टोपी. पडायचं काय, कधीही पडता येतं," हे त्यांचं पालुपद.

वाक्य त्यांच्या वडिलांचं. ते मूकपटांतले नट. फिरत्या नाटक कंपनीतून पॅरिसला आले आणि पडद्यावर कायमचे पोस्टमन झाले, जिन्यावरून गडगडणारे. पण तोल जात असतानाही ते आधी टोपी काढून कठड्यावर ठेवत, मगच पडत. लोक हसून लोळत. पुढे बोलपट आले आणि यांचा आवाज निघाला चिरका. शेवटी एका थिएटरच्या दारात ते तिकिटं फाडत उभे राहिले. आजी हे हसत हसत सांगत.

बाकीचे चित्रपट कधीच नष्ट झाले होते. एकाचं रीळ तेवढं उरलं होतं. आजी लग्न करून अमेरिकेला निघाल्या तेव्हा वडिलांनी ते डब्यात घालून "सांभाळ" म्हणून त्यांच्या हाती दिलं. तो चित्रपट त्यांनी लहानपणी एकदाच पाहिलेला, वडिलांच्याच मांडीवर बसून. दरवर्षी वडिलांच्या वाढदिवसाला त्या डब्याच्या झाकणाभोवती नवी चिकटपट्टी लावत. आत हवेचा कणही जाऊ दिला नाही, असं अभिमानाने सांगत.

"आजी, कॅन वी वॉच इट?" असं माझ्या मुलीने विचारलं आणि आजींचा चेहरा फुलला. मरण्याआधी वडिलांना एकदा हलताना पाहायचं होतं त्यांना. मी खटपट करून जुन्या फिल्म वाचवणाऱ्या एका बाईंना बोलावलं. त्यांनी हातमोजे घालून झाकण उघडलं. आत तपकिरी भुगा होता आणि नाकाला झोंबणारा वास.

डबा असा घट्ट कुणी बंद केला, असं त्यांनी हळूच विचारलं. अशा जुन्या फिल्ममधून वाफ निघते, ती कोंडली की फिल्मलाच खाते, म्हणाल्या.

"म्हणजे मीच," आजी म्हणाल्या.

तुम्हाला कसं कळणार होतं, असं काहीतरी मी पुटपुटले. तो भुगाही पेट घेऊ शकतो म्हणून बाई डबाही घेऊन गेल्या. आजींना द्यायला माझ्याकडे काही म्हणता काही नव्हतं. फार वाईट वाटलं, आणि त्या वाटण्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता.

त्यानंतर आजी खचतच गेल्या. हॉस्पिटलमध्ये शेवटी बोलणंही थांबलं. एका दुपारी मी आणि मुलगी जवळ असताना त्यांचा हात डोक्याकडे गेला. डोक्यावर नसलेली टोपी त्यांनी काढली आणि ठेवायला जागा शोधू लागल्या. पलंगाशेजारच्या स्टुलावर माझी पर्स होती. मी ती घाईने उचलली. त्यांनी टोपी तिथे ठेवली, बोटांनी जराशी सरळ केली आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

"तिथे बसू नकोस," मी मुलीला म्हणाले.

"आय नो," ती म्हणाली आणि उभीच राहिली.