उसनी पणजी

नाव: ऊना मेरियन वेब. वय: शेहेचाळीस. उंची: पाच फुटांना पाव इंच कमी, अनवाणी. वर्ण: ठिपकेदार. केस: करडे, पूर्वी तांबूस. धंदा: सफरचंदं कागदात गुंडाळणे. वाचता येते, लिहिता येते, पोहता येत नाही. विधवा. अपत्ये: एक. अंगावरील खुणा: दोन्ही करंगळ्या आत वाकलेल्या. वर्तन: चांगले. गुन्हे: नाहीत.

हे वर्णन कोणी लिहून ठेवलेलं नाही. दफ्तरात ऊनाची जी नोंद होती ती याहून आटोपशीर होती: ‘वंशावळ चार, शाखा क, व्यक्ती ११७.’ आपण व्यक्ती ११७ आहोत हे तिला १९६८च्या मार्चमध्ये, ह्यूऑन खोऱ्यात सफरचंदांचा हंगाम ऐन भरात असताना, पत्राने कळलं.

पत्र होबार्टच्या एका डॉक्टरांच्या कचेरीतून आलं होतं आणि अतिशय सभ्य होतं. त्यात म्हटलं होतं की, टॉलहर्स्ट घराण्याच्या वंशजांमधल्या एका आनुवंशिक विकाराचा अभ्यास चालू आहे. कुटुंबाकडून मिळालेल्या माहितीनुसार आपण हॅरिएट टॉलहर्स्ट यांच्या पणती आहात. विकार बहुधा चाळिशीनंतर हातांपासून सुरू होतो, निम्म्या अपत्यांमध्ये उतरतो, आणि त्यावर उपाय नाही. तरी सोबतचा फॉर्म भरून सहा आठवड्यांत पाठवावा, म्हणजे आपल्या अपत्यांना योग्य तो सल्ला देता येईल. कळावे, आपले नम्र.

फॉर्मवर ‘अपत्यांची नावे व पत्ते’ अशी ओळ होती. ऊनाला एकच मुलगी, कोरल. वय तेवीस, गेल्या वर्षी लग्न झालेलं आणि आता तिसरा महिना. मुलगा की मुलगी ठाऊक नाही म्हणून ती पिवळ्या लोकरीचं विणत होती.

ऊनाने फॉर्म पिठाच्या डब्याखाली ठेवला.

तो विकार म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायला नको होतं. लहानपणी शाळेच्या वाटेवर अँब्रोज टॉलहर्स्टचं घर लागायचं. अँब्रोज पत्रं घ्यायला फाटकापर्यंत यायचा तो नाचत नाचत. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, मान तिसरीकडे. पोरं मागून त्याची नक्कल करायची. ऊनाची नक्कल सगळ्यांत चांगली व्हायची, तिला त्याबद्दल एकदा टॉफीही मिळाली होती. पुढे अँब्रोज फाटकापर्यंत येईनासा झाला. घरचे म्हणाले, दारू. टॉलहर्स्टांच्या घरात दारूचा थेंब नसे, पण शेजाऱ्यांनी समजूतदारपणे दारू मान्य केली. मागल्या खोलीच्या खिडकीला आतून फळ्या ठोकल्या गेल्या.

बाप काय, आजोबा काय, दोघांकडून काही कळायची सोय नव्हती. आजोबा अल्फ्रेड छत्तिसाव्या वर्षी तोडलेल्या झाडाखाली गेले. बाप चौतिसाव्या वर्षी नदीत बुडाला. ऊनाच्या माहेरी, विगमोरांच्या घरात, पुरुष चाळिशीपर्यंत थांबतच नसत. त्यांच्या रक्तात थरथर होती की नव्हती, हे झाडाला आणि नदीला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पॅकिंग शेडमध्ये ऊनाच्या हातून सफरचंद पडलं. सव्वीस हंगामांत पहिलं. सफरचंद उचलायचं, कागदाच्या मधोमध ठेवायचं, मनगट फिरवायचं, की पीळ बसलेलं फळ खोक्यात. हे ती झोपेतही करू शकली असती. शेजारच्या टेबलावरची डल्सी म्हणाली, “काय गं, फळांना पाय फुटले का आज?”

“निसटलं.”

“निसटणारच. वय झालं आपलं. माझ्या हातून तर नवरासुद्धा निसटला.”

सगळी शेड हसली. ऊनाही हसली, आणि तिने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

त्या दिवसापासून तिने एक परीक्षा सुरू केली. रोज सकाळी कप चहाने काठोकाठ भरायचा आणि स्वयंपाकघरातून मागच्या धुण्याच्या खोलीपर्यंत चालत जायचं. बशीत थेंब सांडला तर नापास. पहिल्या दिवशी पास. दुसऱ्या दिवशी तीन थेंब. तिसऱ्या दिवशी तिला कप उचलण्याआधीच इतकी भीती वाटली की अर्धा चहा टेबलावर गेला. भीतीने हात थरथरतो की थरथरीची भीती वाटते, याचा निवाडा कपाला करता येत नाही. तरी ती रोज कप भरतच राहिली.

कोरल रविवारी आली की विचारायची, “आई, माझ्याकडे बघत का नाहीस तू?”

“बघतेय की.”

“माझ्या पोटाकडे बघतेस. मी वर आहे.”

एवढं हसून बोलणाऱ्या मुलीचं नाव त्या ओळीत कसं लिहायचं? आणि न लिहिता तिला पाळणा कसा विकत घेऊ द्यायचा? दोन्ही बाजूंनी आडवं येणारं हे कोडं घेऊन ऊनाने आठवडा काढला. शेवटी तिने जे तिच्या हातात होतं ते केलं. आजोबांच्या जन्माचा दाखला मागवला. पणजी खरोखर टॉलहर्स्ट होती का, एवढंच तिला बघायचं होतं. तो आला. ‘१८६६. मुलगा, अल्फ्रेड. बाप: जॉब विगमोर, करवत्या. आई: ब्रिजेट, माहेरचे नाव क्रीगन.’

हॅरिएट टॉलहर्स्टचं कुठे नावच नव्हतं.

ऊनाने दाखला पर्समध्ये घातला आणि थिर्झा आत्याकडे गेली. थिर्झा ही अल्फ्रेडची धाकटी बहीण, म्हणजे ऊनाच्या बापाची आत्या. पण त्र्याण्णव वर्षांची झाल्यामुळे ती आता सगळ्या गावाची आत्या झाली होती. चर्चमध्ये तिची जागा पहिल्या बाकावर, टॉलहर्स्टांनी बसवलेल्या रंगीत खिडकीखाली. घरीदारी, चहा घेतानासुद्धा, तिच्या हातात जाळीचे पांढरे मोजे असत.

“ये. स्कोन घे. क्विन्सचा मुरांबा यंदा चिकट झालाय, बोलत घेऊ नकोस.”

“आत्या, होबार्टचे डॉक्टर तुझ्याकडे आले होते?”

“आले होते म्हणजे! किती अदबीचा माणूस. टॉलहर्स्टांची माहिती हवी म्हणाला. मी म्हटलं, मग योग्य दारी आलात. तीन स्कोन खाल्ले त्याने. सगळं लिहून घेतलं. तुझंही नाव सांगितलं मी, आणि कोरलचं सांगायचं राहिलं ते नंतर आठवलं.”

ऊनाने स्कोन बशीत परत ठेवला. “आत्या, तो टॉलहर्स्टांचा रोग शोधतोय.”

“मोठ्या घराण्यांना रोग असतात,” आत्या म्हणाली. “साध्या माणसांना सर्दी होते.”

ऊनाने दाखला पुढे केला. आत्याने तो हातभर लांब धरून वाचला आणि परत दिला.

“ती मोलकरीण. जन्माची नोंद करायला आईने तिला धाडलं होतं. नोंदणीचा कारकून पिऊन बसलेला, त्याने समोर दिसली तिचंच नाव लिहिलं. त्या काळी असंच चालायचं.”

“बायबल बघू?”

घराण्याची जन्ममृत्यूची नोंद बायबलच्या पहिल्या पानावर ठेवायची ही त्या खोऱ्याची रीत. विगमोरांच्या पानावर पहिली ओळ होती: ‘१८४२. हॅरिएट टॉलहर्स्ट, वय ४, आईवडिलांसह जहाजाने आगमन, स्वखुशीने.’ शेवटची ओळ १९०५ची. मधे त्रेसष्ट वर्षं, आणि सगळ्या ओळी एकाच शाईत, एकाच वळणाच्या. त्याआधीच्या पानाची फक्त शिवणीजवळची कड उरली होती.

“आत्या, हे पान कोणी कापलं?”

“वाळवीने.”

“वाळवी एवढी सरळ कापते?”

“आमच्या घरातली वाळवी शिस्तीची होती.” आत्याने बायबल मिटलं आणि त्यावर मोजे घातलेले दोन्ही हात ठेवले. “आपण स्वखुशीने आलेली माणसं आहोत, ऊना, बेड्या घालून आणलेली नव्हे. या बेटावर एवढं एकच विचारतात. बाकी काय झालं ते देव बघतो.”

मोजे स्थिर होते. त्र्याण्णव वर्षांची बाई आणि बोट हलत नाही. पण ऊनाला त्याने धीर आला नाही. निम्म्यांना होतो म्हणजे निम्म्यांना होत नाही. बहिणीला नसेल, भावाला असेल. नाण्याचा एकदा छापा पडला म्हणून पुढच्या वेळी काटा पडायचा थांबत नाही.

फॉर्मची मुदत संपायला नऊ दिवस उरले तेव्हा तिने शेडमधून एका दिवसाची रजा काढली आणि होबार्टची बस धरली. वाटभर ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. पर्स हलू नये म्हणून, की पर्समुळे हात हलू नयेत म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पान कापून लपवायची म्हणजे ब्रिजेट क्रीगन कैद्यांच्या पुस्तकात असणार, असा तिचा अंदाज होता; आज ती नुसती मोलकरीणच निघाली, तर घरी जाऊन कोरलचं नाव लिहायचं होतं.

जुन्या कागदांच्या कचेरीत टेबलामागे मिस्टर लॅडलॉ नावाचे गृहस्थ बसले होते. बेटावर शिक्षा भोगायला आणलेल्यांची पुस्तकं त्यांच्या ताब्यात. ती सहजासहजी कोणाच्या हाती पडत नसत. ऊनाने ब्रिजेटचं नाव सांगितल्यावर लॅडलॉंनी आवाज दवाखान्यातल्यासारखा खाली आणला.

“शेजारणीसाठी बघताय ना?”

“काय म्हणालात?”

“सगळे शेजाऱ्यासाठीच येतात. या बेटावर शेजारी फार.” त्यांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. “पुस्तक फक्त रक्ताच्या नात्यातल्यांना दाखवतो. इथे सही लागेल. पण शेजारीण आजारी असेल तर तिच्या वतीनेही चालते, आम्ही फार विचारत नाही.”

चिठ्ठीवर छापलेलं होतं: ‘मी वरील कैद्याची/चा वंशज आहे.’ ऊनाने आयुष्यात कधी कोणाला असं वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं. चर्चमध्ये नाही, शेडमध्ये नाही, भांडणातही नाही. भांडणात तर मुळीच नाही, कारण कोणाचा आजा कोण होता हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे.

“शेजारीण नाही,” ती म्हणाली. “मीच.” आणि सही केली. सही वेडीवाकडी आली. लॅडलॉंनी ती चिठ्ठी न बघता उलटी ठेवली. ते सगळ्यांच्याच चिठ्ठ्या उलट्या ठेवत.

पुस्तक आलं. दोन माणसांनी धरावं एवढं मोठं. लॅडलॉंनी बोटाने ओळ दाखवली आणि सभ्यपणे खिडकीबाहेर बघू लागले.

‘ब्रिजेट क्रीगन. आगमन १८५०. वय १७. उंची ४ फूट ११½. धंदा: घरकाम. वाचता येत नाही. वर्ण: ठिपकेदार. केस: तांबडे. शिक्षा: दहा वर्षे. गुन्हा: मेंढी चोरणे. कैद्याचे स्वतःचे म्हणणे: मेंढी, एक, आम्ही ती खाल्ली. वर्तन: उद्धट उत्तरे, तीन दिवस एकांत कोठडी. १८५८: जॉब विगमोर, करवत्या, याजशी लग्नास परवानगी.’

मग शेवटचा रकाना. ‘अंगावरील खुणा: दोन्ही करंगळ्या आत वाकलेल्या.’

ऊनाने आपले हात पुस्तकाच्या दोन बाजूंना, कागदाला न लागता, टेबलावर ठेवले. लहानपणी या करंगळ्यांमुळे तिला पियानोच्या वर्गातून काढलं होतं. बापाच्याही अशाच होत्या. कुठल्याशा कारकुनाने एकशेअठरा वर्षांपूर्वी एका पोरीला उलटीसुलटी करून, मापं घेऊन, ती पळाली तर ओळखू यावी म्हणून हे लिहून ठेवलं होतं. ती पळाली नाही, पण ओळखू आली.

“पाणी हवंय?” लॅडलॉंनी खिडकीकडे बघतच विचारलं.

“नको. नक्कल हवी.”

परतीच्या वाटेवर ती आधी आत्याकडे उतरली आणि नक्कल वाचून दाखवली. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“१९०५ साली तुझा बाप आठ वर्षांचा होता,” आत्या म्हणाली. “शाळेत पोरं त्याला ‘बें बें’ करायची. टॉलहर्स्टांची एक पोर लहानपणी रानात हरवली होती, तिची कुठे मूठमातीची नोंद नव्हती. जागा रिकामी होती. मी घेतली.”

“तिच्याबरोबर त्यांचा रोगही घेतलास.”

“मला काय माहीत! ते म्हणायचे दारू.” आत्याने मोजे मनगटापर्यंत ओढले. “आणि माहीत असतं तरी घेतला असता. थरथर देवाकडून येते. लोक सूप आणून देतात. मेंढीला कोण सूप आणून देतं?”

ऊनाने तिला मोजे काढायला सांगितलं नाही. डाव्या मोज्यातली करंगळीची शिवण आत वळलेली होती, एवढं तिला दिसलं.

त्या रविवारी तिने कोरलसमोर पत्र, फॉर्म आणि नक्कल तिन्ही एकदम ठेवली. कोरलने वाचलं. पत्र वाचताना तिचा हात आपोआप पोटावर गेला, ते बघून ऊनाला वाटलं आपण चूक केली.

“हे तू महिनाभर एकटीने धरून बसली होतीस?”

“डब्याखाली होतं.”

कोरलने नक्कल दोनदा वाचली. “एक मेंढी?” ती म्हणाली. “निदान कळप तरी.” आणि मग आईची करंगळी धरून बराच वेळ रडली.

फॉर्म परत गेला. अपत्यांच्या ओळीत काही लिहिलं नव्हतं. सोबत दाखल्याची आणि कैद्याच्या नोंदीची नक्कल होती. सोमवारी ऊनाने शेडमध्ये डल्सीला सांगितलं, म्हणजे मंगळवारपर्यंत खोऱ्याला कळलं. थिर्झा आत्या तिच्याशी पुन्हा बोलली नाही आणि बायबल चर्चला देऊन टाकलं.  मग आठवड्याने सफरचंद गुंडाळता गुंडाळता डल्सी म्हणाली, “आमचा घोडा होता.”

कचेरीचं उत्तर जूनमध्ये आलं. आपण पाठवलेली कागदपत्रे पोचली. तथापि जॉब विगमोर यांनी १८६६पूर्वी दुसरा विवाह केला नसल्याचा पुरावा जोडलेला नाही. कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीने दिलेली माहिती अद्याप मागे घेतलेली नाही. करंगळ्या हा पुरावा ग्राह्य धरण्याची तरतूद नाही. सबब वंशावळ चार, शाखा क, व्यक्ती ११७ हिची नोंद ‘संशयित’ या वर्गात कायम ठेवण्यात येत आहे.

ऊना ब्याऐंशीव्या वर्षी गेली. आदल्या दिवशी तिने सुईत दोरा स्वतः ओवला होता.