पडद्यामागची काच

उजेड यावा म्हणून या ऑफिसला भिंतीच्या जागी काचच लावलीय. उजेडाबरोबर ऊन येतं, म्हणून दिवसभर पडदे पाडतात. मग अंधार होतो, म्हणून दिवे लावतात. तरी उकडतंच, म्हणून एसी. माझी शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे मी कुणाला काही विचारत नाही.

काल जिन्याखाली आम्ही सफाईवाल्या बायकांनी डबे उघडले, तर साहेब आले. "मावशी, पंखा बंद करा. वीज वाचवायचीय!"

"रिकाम्या मीटिंगरूमचा एसी करा की आधी बंद," पारूबाई पुटपुटली.

मी तिचा हात दाबला. गावापासून इतक्या लांब हीच नोकरी मला जेवू घालते. नोकरीचे उपकारच आहेत. पंखा मीच बंद केला.

जेवून पडद्यामागे शिरले. तिथे नुसती भट्टी. जिच्यातून कुणीच बाहेर बघत नाही, ती काच मी रोज लख्ख पुसते आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालते.