चुना मुरेपर्यंत

दुष्काळात माझ्याबरोबर खडी फोडणारा हा म्हातारा गवंडी पुढं किल्ल्यातल्या राजवाड्याच्या दुरुस्तीवर लागला. मी तिथं हजेरी घ्यायचो. पैसा परदेशातल्या दात्यांचा, पण हुकूम ह्याच्या जिभेचा. कामावरचाच चुना तंबाखूत मळून तोंडात धरायचा. जीभ पोळली, की चुना अजून मुरला नाही म्हणून बांधकाम बंद.

एकदा देणगी देणारी गोरी बाई पाहणीला आली. इंजिनिअर म्हणाले, "मामा, बाईंसमोर कमानीचा एक दगड तरी बसवा."

"चुना कच्चा हाय. आठ दिवस न्हाय जमायचं."

इंजिनिअर लालबुंद झाले. दुभाष्यानं सांगितल्यावर बाईंनी डाकबंगल्यातला मुक्काम वाढवला.

नवव्या दिवशी त्यानं तंबाखू मळली, सावकाश चघळली, थुंकला आणि मला म्हणाला, "जा, बोलव बाईला."

हा निरोप सांगायला मी छाती काढून डाकबंगल्यावर गेलो.