शाळेचा विषय काढल्यास दहा रुपये

डिसेंबरातला दुसरा रविवार. वर्गणी माणशी दोनशे, एकूण चौदाशे. हजर सातजण: बायकोच्या शाळेचे मुख्याध्यापक, तिच्यासह पाच शिक्षक आणि मी. ठिकाण, त्यांच्यातल्याच एका सरांचं केळीचं शेत, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरापासून अठरा किलोमीटर. भरीत पार्टीशिवाय आमच्याकडे हिवाळा जात नाही.

नियम एकच. शाळेचा विषय काढला की दहा रुपये दंड. शिक्षक नसलेला मी एकटाच, म्हणून दंडाचा डबा माझ्याकडे. एक वाजेपर्यंत एकशेवीस जमले. कोणाला ऑनलाइन हजेरी आठवली, कोणाला पोषण आहाराचे तांदूळ. बायकोचा दंड शून्य. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मला मात्र ते शून्य बरं वाटेना. दिवाळीपासून ती घरीही शाळेबद्दल बोलत नव्हती. फोन उशाशी, रक्तदाबाची गोळी अर्ध्याची एक झालेली, आणि पर्समध्ये घडी घातलेला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. तो मी पाहिलाय हे तिला माहीत नव्हतं.

भरितासाठी बोलावलेल्या मावशी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचत होत्या. त्या आवाजात ही हळूच म्हणाली, "परवा वर्गात एका मुलीचं नाव मला आठवेना. दोन वर्षं माझ्यापुढे बसते ती."

"मॅडम, दहा रुपये," एक सर हसून म्हणाले.

तिनं शंभराची नोट काढून डब्यात टाकली. मावशींनी मुसळ थांबवलं.

"बोलू द्या तिले."

ती वीस-बावीस मिनिटं बोलली. रात्री दहाला माहिती मागणारा मेसेज, सकाळी सहाला त्याचीच आठवण. मुलांसाठी आपण उरतच नाही, म्हणाली. मेसेज मुख्याध्यापकांचेच असत. ते जाळाकडे बघत ऐकत होते.

"वरून आलं की मी वाचतही नाही, पुढे ढकलतो," ते म्हणाले. "संध्याकाळी सहानंतर आता नाही ढकलणार." त्यांनीही दहा रुपये टाकले.

याला साडेतीन आठवडे झाले. सहानंतर दोनच मेसेज आले. अर्ज अजून पर्समध्ये आहे.

त्या दिवशी निघताना मावशींना द्यायला मी डब्यातले पैसे मोजत होतो, तर ही म्हणाली, "अहो, मावशींकडून पावती घ्या, नाहीतर तुम्हाला झोप लागायची नाही." दोन महिन्यांतला तिचा पहिला टोमणा. दंडाचे दोनशे तीस रुपये मावशींना दिले.